कल्याणला न थांबणारी गाडी

मित्राचं पुस्तक हरवलं की शहाणा माणूस काय करतो? सरळ सांगतो, 'हरवलं, सॉरी.' मी काय केलं? गाडी बदलली.

डोंबिवलीकरांना 'गाडी बदलली' याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे माणसं नोकरी बदलतात, घर बदलतात, मोबाईल तर दर दिवाळीला बदलतात. पण गाडी बदलत नाहीत. सव्वाआठची म्हणजे सव्वाआठचीच. तिसरा डबा म्हणजे तिसराच. सात वर्षं माझा हा नेम चुकला नव्हता. आणि २०२५च्या जुलैमध्ये मी सलग तीन आठवडे आठ-पस्तीसची पकडत होतो, तीसुद्धा पार पुढच्या डब्यात, चोरासारखा. कारण सव्वाआठच्या तिसऱ्या डब्यात काका असायचे आणि काकांचं 'यक्षांची देणगी' माझ्या हातून हरवलं होतं.

खिडकीतली लायब्ररी

काका कल्याणचे. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे खिडकी त्यांची. आम्ही डोंबिवलीला घुसणारे, म्हणजे उभे. काका एका कंपनीत अकाउंट्सला होते, रिटायरमेंटला वर्षभर उरलेलं. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात डबा, छत्री आणि दोन पुस्तकं. एक वाचायचं, एक द्यायचं.

पुस्तकं मात्र एकाच जातकुळीची. विज्ञानकथा, भुतंखेतं, राक्षस, जादूगार, कॉमिक्स. थोडक्यात, घरच्यांनी 'हे काय वाचत बसलायस, अभ्यास कर' म्हणून हातातून काढून घेतलेलं सगळं. 'आठ तास जमाखर्च बघतो रे,' काका म्हणायचे, 'त्यात अद्भुत काही असलं तर ऑडिटर येतो. म्हणून ते गाडीत वाचायचं.'

मी सात वर्षांपूर्वी या ग्रुपात शिरलो तेव्हा माझं वाचन म्हणजे यशस्वी माणसांच्या सात सवयी वगैरे. काकांनी आधी मला भा. रा. भागवत दिले. मला वाटलं फास्टर फेणे असेल, तर निघाला ज्यूल व्हर्न! भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, 'चंद्रावर स्वारी' हे त्यातलंच. मग नारायण धारप. 'तुंबाड' २०१८मध्ये आला आणि २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा थिएटरात गर्दी करणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या पब्लिकला मी अजून सांगत असतो, की बाबांनो, त्या सिनेमाचं मूळ धारपांच्या गोष्टींत आहे, मराठीत आहे, ते वाचा आधी. मग लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुखांची 'देवांसि जिवे मारिले'. मग जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा. १९६४ ते १९९० अशी ती मालिका चालली, मराठीतसुद्धा. वेताळ, मॅन्ड्रेक आणि आपला देशी बहादूर. दिव्याला रिकामी झालेली चौथी सीट मिळाली, की अर्ध्या बुडावर बसून मी वेताळाच्या कवटीच्या गुहेत असायचो. मुंब्रा, कळवा कधी गेलं, पत्ता नाही.

काकांच्या लायब्ररीला फी नव्हती, फक्त एक नियम. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि शेवटच्या पानावर चिकटवलेला एक कागद. वाचून झालं की त्यावर नाव, तारीख आणि आपलं स्टेशन लिहायचं. बस. 'यक्षांची देणगी'च्या कागदावर तेरा नावं होती. पहिलं काकांचं. तेरावं माझं, शेवटची गोष्ट वाचायची बाकी असतानाच, घाईने लिहिलेलं.

ते पुस्तक मला कधी मिळालं हे पक्कं आठवतं. २० मे २०२५ला जयंत नारळीकर गेले. दुसऱ्या दिवशी गाडीत एरवीसारखी मस्करी नव्हती. काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि एक किस्सा सांगितला. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तोवर जगात नाव झालेले शास्त्रज्ञ. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. जयंत विष्णू नारळीकर, इंग्रजी आद्याक्षरं उलटी केली की झालं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. 'बघ,' काका म्हणाले, 'एवढा मोठा माणूस आणि रांगेत उभा राहिला.'

लोकलवाल्याला यापेक्षा मोठी तारीफ माहीत नसते.

मग जून आला. ९ जूनला सकाळी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले. त्या दिवशी मी कामावर घरूनच होतो. साडेदहाला फोन वाजला. काका. 'आहेस ना?' एवढंच विचारलं त्यांनी. नंतर कळलं, ग्रुपातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक करून फोन लावला होता.

आणि अशा माणसाचं पुस्तक मी जुलैच्या एका धो धो पावसात, पिशवीसकट, गाडीच्या रॅकवर विसरून उतरलो. दोन स्टेशनांवर चौकशी केली, काही हाती लागलं नाही. मग मी गाडी बदलली.

ठाणे: फॉगसाहेब इथून गेले

तीन आठवड्यांनी एका शनिवारी मलाच माझी लाज वाटली. ठरवलं, पुस्तक विकत घ्यायचं आणि कल्याणला काकांच्या घरी जाऊन द्यायचं. मग आधी उलट्या दिशेने, ठाण्याला.

ठाण्यात शनिवारी काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. मामलेदारची मिसळ, तलावपाळीला चक्कर, राम मारुती रोडवर शॉपिंग. मिसळ मीही खाल्ली. मग स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयावरून मुद्दाम चालत गेलो. वि. ल. भाव्यांनी पुढाकार घेऊन ही संस्था उभी केली ती १८९३मध्ये, फक्त मराठी पुस्तकं जपायला. त्या दारासमोरून जाताना एक हरवलेलं पुस्तक मनात फारच जड व्हायला लागलं.

नौपाड्यातल्या दुकानात 'यक्षांची देणगी' लगेच मिळालं. कोरं करकरीत. तेवढ्यात सुटलो असं वाटलं, आणि शेवटचं पान उघडलं. तेही कोरं. बारा नावं कुठून आणणार?

परतीच्या गाडीची वाट बघत ठाण्याच्या फलाटावर उभा होतो तेव्हा काकांचा एक आवडता विषय आठवला. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती इथेच आली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या फिलियस फॉगची गाडीही इथूनच गेली, हे किती जणांना माहीत आहे? कादंबरीत फॉग २० ऑक्टोबर १८७२ला मुंबईत उतरतो आणि रात्री आठची गाडी पकडतो. आपल्यासारखीच आठची, फक्त रात्रीची. गाडी साष्टी ओलांडते, ठाण्यासमोर खाडी पार करते, कल्याणला येते. तिथे पुण्याकडे जाणारा फाटा फुटतो हेसुद्धा व्हर्नने लिहून ठेवलंय. व्हर्न स्वतः कधी भारतात आला नाही, पण कल्याण जंक्शन त्याने बरोबर ओळखलं. डोंबिवलीचा मात्र उल्लेख नाही. कसा असणार? स्टेशनच पुढे पंधराएक वर्षांनी झालं.

'म्हणजे जगप्रवासातसुद्धा,' काका आम्हा डोंबिवलीकरांना चिडवायचे, 'तुमच्याकडे हॉल्ट नाही.'

बोगदा

ठाणे सुटलं की डोंगर दिसतो, पारसिकचा. त्याच्या पोटात १९१६चा बोगदा आहे, सव्वा किलोमीटरहून लांब. माझ्या लहानपणी फास्ट लोकल त्यातून जायची. गाडी आत शिरली की सगळा डबा काळाकुट्ट, कानात दडे, आणि आम्ही पोरं जिवाच्या आकांताने ओरडायचो. मोठी माणसंसुद्धा ओरडायची, फक्त अंधारात कळायचं नाही कोण ते. मिनिटभराने उजेड यायचा आणि प्रत्येक जण जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसलेला.

इंग्रजी फँटसीतली मुलं कपाटातून नाहीतर फलाटाच्या भिंतीतून दुसऱ्या जगात जातात. आम्हाला तेवढ्या लांब जायची गरज नव्हती. बोगदा होता. 'कृष्णविवर' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पारसिकच आला होता.

२०२२च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून फास्ट लोकल बाहेरून जातात. बोगदा राहिला लांबच्या गाड्यांना. वेळेच्या दृष्टीने सोय झाली असेल, पण रोज मिनिटभर मोफत मिळणारा अंधार गेला.

डोंबिवली: इथे हिरवा पाऊस पडतो

डोंबिवलीला उतरलो ते घरून छत्री घ्यायला. आमच्या गावाबद्दल एक गैरसमज आहे, की हे सरळमार्गी, लवकर झोपणारं गाव आहे. फडके रोड, गणेश मंदिर, दिवाळी पहाट, पु. भा. भावे, शं. ना. नवरे. सगळं खरंच आहे. पण २०१४मध्ये याच गावात हिरवा पाऊस पडला होता. २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. कारण अर्थात रसायनं. कुणा लेखकाने हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने 'जरा जास्त होतंय' म्हणून कापलं असतं. २०२२मध्ये आदित्य सरपोतदारांनी 'झोंबिवली' काढला, म्हणजे डोंबिवलीत झॉम्बी, तेव्हा बाहेरचे हसले. आम्हीही हसलो, पण जरा जपून.

तेव्हा ऑफिसात कुणी म्हणालं की विज्ञानकथा म्हणजे आपल्या आयुष्याशी संबंध नसलेलं काहीतरी, तर त्याला आमच्याकडे बोलवा.

वाचणारं गाव तर हे आहेच. पै फ्रेंड्स लायब्ररी १९८६पासून इथे आहे, आणि जुनं पुस्तक देऊन दुसरं न्या अशी पुस्तकांच्या देवाणघेवाणीची जी प्रदर्शनं पैंनी भरवली, त्यांत लोक पिशव्या भरभरून येतात. काकांची कापडी पिशवी हे त्याचंच लहान रूप.

सोसायटीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा बसला होता, हातात मांगा. 'वन पीस', पहिला भाग. पुस्तक शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत होता, म्हणजे जपानी पद्धतीने. कुठे चाललो विचारलं म्हणून त्याला सगळी हकिगत सांगितली. सांगणार होतो थोडीच, पण पोरगं ऐकत राहिलं आणि मी बोलत गेलो. शेवटी त्याने विचार केला, पुस्तक मिटलं आणि माझ्यापुढे धरलं.

'त्या आजोबांना द्या वाचायला.' मग एकदम आवाज बदलून, 'पण दादा, हरवू नका.'

बातमी पसरली होती म्हणायची.

कल्याण: हॉल्ट

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. पुढच्याच वर्षी या गावात एक मुलगी जन्मली, जी अठराव्या वर्षी एकटी बोटीने अमेरिकेला गेली आणि १८८६मध्ये डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी. त्या काळात कुणी अशी गोष्ट लिहिली असती तर ती फँटसीच्या कपाटात ठेवली असती.

काका वाचनालयापासून दहा मिनिटांवर, जुन्या दुमजली इमारतीत राहतात. मी पहिल्यांदाच जात होतो. सात वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचं घर मला माहीत नव्हतं, पत्ताही ग्रुपातल्या दुसऱ्याकडून घ्यावा लागला. गाडीतली मैत्री अशीच असते. फलाटावर सुरू, फलाटावर संपते.

दार काकांनीच उघडलं. बनियन, पायजमा, नाकावर चष्मा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, 'आजारी होतास का रे? तीन आठवडे दिसला नाहीस. फोन करणार होतो, पण म्हटलं, नवी नोकरी लागली असेल.'

मी एका दमात सगळं सांगितलं. पाऊस, रॅक, पिशवी, आठ-पस्तीसची. नवं पुस्तक टेबलावर ठेवलं. काकांनी ते उचललं, शेवटचं पान बघितलं आणि मिटलं. काही बोलले नाहीत. आतून काकूंनी चहा आणला. पंख्याचा आवाज येत होता.

'त्या कागदावर तिसरं नाव माझ्या भावाचं होतं,' काका म्हणाले. 'तो गेला २००५च्या पुरानंतर, त्याच वर्षी. लेप्टो. अक्षर फार छान होतं त्याचं.'

यावर 'सॉरी' म्हणायलाही जीभ वळेना.

चहा संपेपर्यंत ते तसेच बसून होते. मग चष्मा पुसत एकदम विचारलं, 'गंगाधरपंत आठवतात?'

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' तुम्हीही वाचली असेल. मराठीत नाही तर अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजीच्या पुस्तकात. आता पुढे स्पॉयलर आहे, माफ करा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोचतात, जिथे १७६१चं पानिपत मराठ्यांनी जिंकलं आहे. ते पुण्याहून मुंबईला निघतात ते जिजामाता एक्स्प्रेसने. कर्जतला ती जेमतेम टेकते आणि कल्याणवरून धडधडत निघून जाते. थांबत नाही. पुढे पंत टाउन हॉलच्या लायब्ररीत त्या जगाचा इतिहास वाचतात, चुकून एक बखर खिशात घालून बाहेर पडतात, आणि आझाद मैदानावरच्या धक्काबुक्कीत ती हरवते. आपल्या जगात परत येतात तेव्हा पुरावा म्हणून उरतं फक्त एक फाटकं पान.

'पंतांनीही पुस्तक हरवलं होतं,' काका म्हणाले. 'पण त्यांनी निदान एक पान आणलं. तू काय आणलंस?'

मी मोबाईल काढला. काही आशेने नाही, उगाच हाताला चाळा. आणि आठवलं, की नाव लिहिलं त्या दिवशी मी त्या कागदाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. गॅलरीत मे महिन्यापर्यंत मागे गेलो. सापडला. गाडी हललेली, वरचा अर्धा कागद माझ्याच अंगठ्याखाली. पण खालची चार नावं स्पष्ट. दहावं, अकरावं, बारावं आणि माझं.

'आण इकडे,' काका म्हणाले आणि डिंकाची बाटली शोधायला उठले.

मग आम्ही बसलो कागद घेऊन. पहिलं नाव काकांचं. दुसरं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या एका मित्राचं. तिसरं भावाचं, ते लिहिताना काकांनी पेन बदललं आणि सावकाश, वळणदार लिहिलं. भावाचं अक्षर तसंच असणार. चौथ्याला अडले. पाचव्या नावाची बँकेतली एक बाई, तिने पुस्तक एका रात्रीत परत केलं होतं, म्हणून लक्षात राहिली. सहावं आठवलं. सातवं, आठवं, नववं? काकूंनाही विचारलं. खूप वेळ गेला. नाही आठवलं.

'राहू दे,' काका म्हणाले. चौथी, सातवी, आठवी आणि नववी ओळ त्यांनी कोरी सोडली. आकडे घातले, नाव नाही. 'भेटतील कधीतरी गाडीत. तेव्हा लिहितील.'

मग मी 'वन पीस' पुढे केलं. काकांनी उघडलं, चुकीच्या बाजूने. मी सांगितलं, उलटीकडून. त्यांनी पुस्तक फिरवलं, पहिली चौकट बघितली, दुसरी बघितली, आणि मग माझ्याकडे लक्षच नव्हतं. पंधरा मिनिटांनी म्हणाले, 'याचे पुढचे भाग आहेत का त्याच्याकडे?' शंभराहून जास्त आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रिटायरमेंटची चिंता मिटली.

निघताना नवं 'यक्षांची देणगी' त्यांनी माझ्याच हातात दिलं, खाकी कव्हर घालून. 'शेवटची गोष्ट राहिलीय ना तुझी? नाव आधी लिहून मोकळा झालास तू. आता वाच.'

आता माझ्याही बॅगेत दोन पुस्तकं असतात. सध्या वाचायचं आहे मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेलं टॉल्किनचं 'स्वामी मुद्रिकांचा', आणि द्यायचं आहे 'भीमायन', गोंड चित्रशैलीतलं आंबेडकरांच्या आयुष्यावरचं कॉमिक. कॉमिक्स म्हणजे पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी हेच देतो. सव्वाआठची, तिसरा डबा. डोंबिवलीला चढून डावीकडे. खिडकीत एक काका मांगा वाचताना दिसतील.

आणि तुमच्यापैकी कुणाला जुलैच्या त्या पावसात मध्य रेल्वेच्या गाडीत एक पिशवी सापडली असेल, आत खाकी कव्हरचं पुस्तक, तर परत केलं नाहीत तरी चालेल. फक्त शेवटच्या पानावरची चौथी, सातवी, आठवी आणि नववी ओळ आम्हाला कळवा. आणि हो, वाचून झालं असेल तर खाली तुमचं नाव लिहा. स्टेशनसकट.